मुक्त माणूस म्हणजे कोण

नववीच्या वर्गाला मध्ययुगीन युरोप शिकवायला मला आवडायचं. त्यामागे फार विद्वत्ता नव्हती. त्या धड्यात एक भांडण होतं, आणि भांडण सांगायला घेतलं की मुलं ऐकतात.

कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत मी इतिहास शिकवायचे. सुरुवात नेहमी एका शेतापासून करायचे. इंग्लंडातल्या खेड्यात एका माणसाचं शेत शेजारच्या सरदाराने बळकावलं. दाद कुठे मागायची? त्याच सरदाराच्या दरबारात, म्हणजे चोरच न्यायाला बसलेला. मग राजाचे न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव फिरू लागले. गावातली बारा माणसं शपथेवर सांगणार, शेत कोणाचं ते. लोक राजाकडे धावले, आणि जितके धावले तितकी राजाची सत्ता वाढली, सरदारांची घटली. पुढे असा एक राजा आला की ज्याला सगळंच आपल्या मर्जीवर चालावंसं वाटलं. मनात येईल त्याला तुरुंगात टाकावं, सरदारांची मुलं ओलीस ठेवावीत. शेवटी सरदारांनी त्याला नदीकाठच्या कुरणात गाठून एका सनदेवर मोहर उठवायला लावली. तिच्यात एक कलम होतं : कोणाही मुक्त माणसाला कायदेशीर निवाड्याशिवाय पकडायचं नाही, कोंडायचं नाही, देशोधडीला लावायचं नाही.

मुलं हे कलम पाठ करायची. परीक्षेत ते हमखास यायचं. १९९० च्या मे महिन्यात मी ते दरवर्षीसारखंच फळ्यावर लिहून दिलं आणि सुट्टी लागली.

त्या सुट्टीत आम्ही भारतात गेलो नाही. माझे यजमान सरकारी इस्पितळात एक्स-रे तंत्रज्ञ होते, त्यांना रजा मिळाली नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी हे ड्युटीवर जायला निघाले आणि पंधरा मिनिटांत परत आले. दारातच म्हणाले, "रस्त्यावर रणगाडे आहेत. आपले नाहीत."

कुवेतच्या कशालाही 'आपलं' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दोन-तीन दिवसांत राजघराणं देशाबाहेर गेल्याचं कळलं. कचेऱ्या बंद, बँका बंद, पोलीस दिसेनात. भारतीय वकिलातीत माणसांचा समुद्र लोटला होता. मंगफमधल्या आमच्या इमारतीत सगळे भारतीयच होते. त्यातली निम्मी कुटुंबं पहिल्या महिन्यातच गाडीत मावेल तेवढं घेऊन निघून गेली. यजमानांना इस्पितळ सोडवत नव्हतं. तिथल्या बऱ्याच नर्सेस अजून कामावर येत होत्या आणि हेही जात राहिले.

त्याच सुमाराला सुलैबियाच्या लेबर कँपमधले सात सुतार आमच्या इमारतीच्या तळघरात राहायला आले. कँप लुटला गेला होता. त्यांचा म्होरक्या रत्नागिरीकडचा, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. सैन्य विषारी वायू सोडणार अशी आवई उठली तेव्हा इमारतीतल्या प्रत्येक खिडकीला फळ्या ठोकून, फटींना टेप लावून देण्याचं काम या सातांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

सप्टेंबरात शाळा उघडल्या नाहीत. इमारतीत सहा मुलं उरली होती, त्यात चौदा वर्षांची माझी मुलगी. दिवसभर घरात कोंडून मुलं घाबरीघुबरी व्हायला लागली, म्हणून मी आमच्या हॉलमध्ये रोज सकाळी तास घ्यायला लागले. मल्याळी, गोव्याकडची, मराठी अशी मिसळ होती, म्हणून बोलायचे हिंदीत. एके दिवशी तीच सनद शिकवत होते. मिस्त्री खिडकीशी पट्टी मारत होता. हातोडी थांबली.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"ह्यो मुक्त माणूस म्हंजे कोण? सगळीच मानसं?"

"नाही. तेव्हा बरेचसे शेतकरी मुक्त नव्हते. ते जमिनीला बांधलेले असत. जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय त्यांना गाव सोडता येत नसे."

"आनि मालकानं नाय म्हटलं तर?"

"तर राहायचं."

त्याने पट्टीवर आणखी एक खिळा ठोकला. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "म्हंजे त्यांचा पासपोर्ट मालकाकडं व्हता."

"आई, दॅट्स नॉट इन द सिलॅबस," मुलगी हळूच म्हणाली.

मी इतकी वर्षं त्या देशात होते. सुतार, गवंडी, ड्रायव्हर अशा सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाकडे असतात हे मला ठाऊक होतं. यजमानांचा पासपोर्टही पहिली दोन वर्षं कचेरीच्या कपाटात होता. पण धड्यातलं ते कलम आणि हे कपाट मी कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. वर्गातल्या मुलांच्या वह्यांत 'मुक्त' हा शब्द नुसताच येऊन जायचा, जसा काही तो 'माणूस' या शब्दाचाच भाग आहे.

मुलीसाठी आता यजमानही निघायला तयार झाले होते, आणि वकिलातीच्या बसच्या यादीत आम्ही सुतारांचीही नावं घातली होती. त्या दुपारी मी तळघरात जाऊन मिस्त्रीला विचारलं. सातही जणांचे पासपोर्ट कफीलकडेच होते. पासपोर्ट नसलेल्यांना वकिलातीचा तात्पुरता कागद मिळत होता, पण त्या कागदावर गेलेल्याला पुन्हा आखातात काम मिळत नाही अशी अफवा होती. कफील सबाह अल-सालेममध्ये राहत होता. तिकडे सैनिकांचे चार तरी नाके लागायचे.

"मी जाऊन येतो चालत," मिस्त्री म्हणाला.

"चालत नको," यजमान म्हणाले. "गाडीत बाईमाणूस असलं की फार थांबवत नाहीत. आम्ही सोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. प्रत्येक नाक्यावर सैनिक वाकून बघायचा आणि एकच शब्द विचारायचा, "हिंदी?" म्हणजे भारतीय का. आम्ही मान डोलावली की हात हलवून सोडायचा. एका ठिकाणी आमच्या पुढच्या गाडीतून एका तरुण कुवेतीला खाली उतरवलं होतं. तो हात डोक्यावर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला काही विचारतही नव्हते. आम्ही पुढे गेलो. मी मागे वळून पाहिलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

कफीलच्या घराचं फाटक खूप वेळाने उघडलं. म्हातारा स्वतःच आला. मिस्त्रीने त्याला नेहमी पांढऱ्या शुभ्र पोशाखात, चकचकीत गाडीत पाहिलं होतं. आज तो उघड्या डोक्याने, चुरगळलेल्या झग्यात समोर उभा होता. त्याला हिंदी चांगली येत होती. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला येऊन राहिला होता, असं नंतर सांगितलं.

"मला माहीत आहे तू कशाला आलास," तो म्हणाला. आम्हाला दिवाणखान्यात बसवून तो आत गेला आणि तांदळाचा मोठा डबा घेऊन आला. तांदळात हात घालून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासपोर्ट बाहेर काढले. फक्त मिस्त्रीचा नाही, सातही जणांचे. ते त्याने मिस्त्रीच्या दोन्ही हातांत ठेवले.

"सगळ्यांना दे. सांभाळून जा."

मिस्त्रीने पिशवी छातीशी धरली. आम्ही उठणार, एवढ्यात म्हातारा पुन्हा बोलला. आवाज अगदी खाली आला होता.

"उस्ताद, एक विचारतो. नाही म्हणालास तरी चालेल. माझा मुलगा वरच्या खोलीत आहे. ते घरोघर येऊन तरुण पोरांना नेत आहेत. कपाटाच्या मागे एक माणूस मावेल अशी जागा करता येईल? बाहेरून कळायला नको."

मिस्त्री वर गेला. आम्ही खाली बसून राहिलो. म्हाताऱ्याच्या सुनेने चहा आणून ठेवला. तिला दिवस गेलेले होते. थोड्या वेळाने मिस्त्री खाली आला आणि म्हणाला, "तीन-चार दिवस लागतील. भिंतीतली फळी फिरती करावी लागंल. हत्यारं हितं हायत काय?"

मी मराठीत त्याला म्हटलं, "मिस्त्री, परवा आपली बस आहे. तुमचं नाव घातलंय यादीत. घरी बायको आणि दोन मुली वाट बघताहेत. पासपोर्ट हातात आलाय."

"व्हय बाई."

"मग?"

त्याने पिशवीतले सहा पासपोर्ट काढून यजमानांच्या हातात दिले आणि स्वतःचा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. "पासपोर्ट धरून ठिवून सांगितलं असतं, तर मी नायच म्हटलं असतं. त्यानं आधी हातात दिलं, मंग इचारलं. आजवर मला ह्या देशात कुनी इचारलं नव्हतं. ह्ये कर, त्ये कर, एवढंच."

वाटेत मी रागावलेलीच होते. यजमान गाडी चालवत म्हणाले, "तू काल त्या माणसाला मुक्त म्हणजे काय ते शिकवत होतीस. त्याने आज ठरवलं काहीतरी." मला वाटत होतं की हा माणूस मरेल आणि त्याच्या बायकोला मी काय सांगू.

दोन दिवसांनी आम्ही आणि सहा सुतार बसने निघालो. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या हद्दीवरचे तंबू, धुळीत पाण्याच्या रांगा, शेवटी अम्मानहून मुंबईचं विमान. मिस्त्रीने त्या दिवशी कफीलच्या घरी लिहून दिलेली चार ओळींची चिठ्ठी मी साताऱ्याला सासरी पोचल्यावर त्याच्या गावी पोस्टाने पाठवली. सोबत मीही दोन ओळी लिहिल्या : ते एक काम संपवून येत आहेत. याहून जास्त लिहायचा धीर झाला नाही. नोव्हेंबरात त्याच्या थोरल्या मुलीचं पत्र आलं. बाबा ऑक्टोबरात सुखरूप आले, खूप वाळलेत, बरे आहेत. ते पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाईंना वाटलं, कोणी गेलं.

जानेवारीत युद्ध झालं, फेब्रुवारीअखेर संपलं. १९९१ च्या पावसाळ्यानंतर शाळेने आम्हाला परत बोलावलं. दक्षिणेकडच्या काही तेलविहिरी अजून जळत होत्या. मंगफमध्ये दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे काळे ठिपके घेऊन घरात यायचे. शाळेत सैनिक राहून गेले होते. बाकं जाळली होती, एकाही वर्गाला दार नव्हतं.

मी नववीला पुन्हा तोच धडा घेतला. या वेळी मी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आधी कधी सांगितल्या नव्हत्या. एक, त्या कलमात बहुतेक माणसं बसतच नव्हती. दुसरी, मोहर उठवल्यावर काही आठवड्यांतच राजाने पोपकडून ती सनद रद्द करवून घेतली होती. ती पुढे पुन्हा काढावी लागली, आणि पुन्हा. एका मुलीने विचारलं, "मग मोहरेचा काय उपयोग?" मी म्हटलं, मला नीट माहीत नाही. शिक्षक म्हणून असं उत्तर मी पहिल्यांदा दिलं.

डिसेंबरात शाळेची दारं बसवायला सुतारांची तुकडी आली, तिच्यात मिस्त्री होता. नव्या कंपनीच्या व्हिसावर आला होता. मला पाहून रंधा खाली ठेवला, नमस्कार केला.

"आणि पासपोर्ट?" मी विचारलं.

"इमानतळावरच घेतला कंपनीवाल्यानं." त्याने हातावरचा भुसा झटकला. "धाकटीचं लगीन हाय बाई. काम तर पायजे."

त्या शुक्रवारी मी, यजमान आणि मिस्त्री म्हाताऱ्याला भेटायला गेलो. त्याने मिस्त्रीला मिठी मारली, मग आम्हाला वर नेऊन ते कपाट दाखवलं. दारं उघडून कपडे बाजूला सारले तरी मागची फळी फळीच दिसत होती. मिस्त्रीने एका कोपऱ्यावर अंगठा दाबला तेव्हा ती आत गेली. मागे उभं राहण्यापुरती जागा होती आणि हवेसाठी पाडलेली भोकं. चार वेळा झडती झाली, चारही वेळा मुलगा सापडला नाही. मग फेब्रुवारीत, सगळं संपायला चार दिवस उरले असताना, तो रोटी आणायला बेकरीपर्यंत गेला. घरात महिन्याची तान्ही मुलगी होती, आणि बायकोला काही खायला नव्हतं. त्या दिवसांत सैनिक रस्त्यावरून दिसेल त्या पुरुषाला उचलत होते. त्याला नेलं.

"मी जा म्हणालो नव्हतो," म्हातारा पुन्हा पुन्हा सांगत होता. "जाऊ नको असंही म्हणालो नाही."

मिस्त्रीने फळी पुन्हा जागेवर बसवली. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. "तू त्याला पाच महिने दिलेस. त्याने मुलीचं तोंड पाहिलं."

खाली आल्यावर म्हातारा मला म्हणाला, "तुम्ही शिकवता. मला इंग्रजीत एक अर्ज लिहून द्या." मी वही काढली. त्याने मुलाचं नाव, वय, उजव्या भुवईवरचा व्रण, अंगावरचा निळा स्वेटर असं सगळं सांगितलं. मी लिहीत गेले. त्याला कशावरून पकडलं हे कळावं, तो कुठे आहे हे कळावं, त्याला कोणापुढे तरी उभं करावं.

लिहून झाल्यावर मी विचारलं, "कोणाला उद्देशून लिहू?"

नेणारं सरकार दुसऱ्या देशाचं होतं, आणि इथल्या कचेरीत म्हाताऱ्याचे तीन अर्ज आधीच पडले होते. शेवटी यजमान म्हणाले, वरची ओळ मोकळी ठेव, चार-पाच प्रती काढू. त्या प्रती मी हातानेच लिहिल्या. एक परदेशी मदतसंस्थेला गेली, एक वर्तमानपत्राला, बाकीच्या म्हाताऱ्याने आपल्याजवळ ठेवल्या.

आम्ही कुवेतमध्ये आणखी सहा वर्षं होतो. तो मुलगा परत आला नाही, आणि त्याचं काय झालं हेही कोणी कळवलं नाही. आम्ही निघालो तेव्हा त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती.