सासरेबुवांचा मास्क

अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे ‘सासरेबुवा’ म्हणत. कारण त्यांचा सख्खा जावई त्यांच्याच तुकडीत होता, आणि धुरात शिरताना जोडीदारही तोच. मास्कच्या बाबतीत सासरेबुवा भारी खडूस. कालच एका जवानाच्या गालावर खुंट दिसले म्हणून त्याला चारचौघांत झापून त्यांनी दाढी करायला पिटाळलं होतं.

“खुंटांमुळे मास्कला फट राहते, हवा गळते, सिलिंडर लवकर संपतो. आणि एक बाहेर आला की जोडीदारालाही यावं लागतं, कळलं?”

आज मात्र स्वारी गप्प होती. हिरड्या सोलवटल्या म्हणून कवळी घरीच वाटीत ठेवून ते आले होते. आपल्याला कवळी आहे, हे त्यांनी बायको सोडून कुणालाच कळू दिलं नव्हतं.

पाळी सुरू होण्याआधी त्यांनी सिलिंडरचा काटा पाहिला, मास्क चढवला, नळीचं तोंड तळहातानं दाबून श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला गच्च चिकटायला हवा. खपाटीला गेलेल्या गालांवर तो चिकटेना. त्यांनी पट्टे करकचून आवळले. तरी फुस्स.

“ठीक ना, बाबा?” जावयानं विचारलं.

बोलायला जावं तर तोंडाचं बोळकं दिसणार, तेही जावयाला! सासरेबुवांनी नुसता अंगठा वर केला.

तासाभरात आगीची वर्दी आली. एका घराच्या वरच्या मजल्यावर एक आजी अडकली होती. दोघं धुरातून जिना चढले. जावयाचा हात आजीच्या दाराला लागला आणि सासरेबुवांच्या सिलिंडरची शिट्टी वाजली. हवा संपत आली होती. जावई क्षणभर थबकला, मग सासऱ्याचा दंड धरून मागे फिरला.

आजीला दुसऱ्या जोडीनं बाहेर काढलं. जीव होता, शुद्ध नव्हती.

“शिट्टी एवढ्यात कशी वाजली?” साहेबांनी विचारलं.

“दार शोधायला मीच वेळ लावला, साहेब,” जावई घाईघाईनं म्हणाला.

सासरेबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मास्क उतरवला.

“खोटं बोलतोय तो. मी कवळी घरी ठेवून आलो. मास्क गळतोय हे मला सकाळीच कळलं होतं.”

बोलताना ओठ आत जात होते, शब्द फसफसत होते. कालचा जवान समोरच उभा होता, गुळगुळीत दाढी करून.

लोक हसतील म्हणून तर त्यांनी हे सगळं लपवलं होतं. आता कुणीच हसत नव्हतं. एकानं तरी हसावं, असं त्यांना फार वाटलं.