बाबागाडीतला वरवंटा

चैत्रातल्या सकाळी रंकाळ्याच्या काठावर तीन वास एकामागोमाग येतात. आधी पाण्यावरच्या शेवाळाचा गारसर वास, मग कडुनिंबाच्या मोहोराचा मधुर-कडवट दरवळ, आणि सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यावर म्हैस घेऊन उभ्या असणाऱ्या अक्काताईंच्या पेल्यातल्या धारोष्ण दुधाच्या फेसाचा. या तीन वासांच्या क्रमाने मी एकतीस वर्षं चाललो. हायस्कुलात मराठी शिकवायचं आणि सकाळी तळ्याला फेरी घालायची, यापलीकडे माझ्या आयुष्याला फारसा भूगोल नव्हता. चालता चालता शब्द गोळा करायचा नाद लागला, तोही चालणाऱ्यांच्याच शब्दांचा. सरकारी पाटीवरचा पादचारी मला नेहमी इस्त्रीच्या कपड्यांतला वाटे. पांथस्थ झाडाखाली विसावलेला, वाटसरू घामेजलेला, तहानलेला. कोल्हापुरात मात्र यांतला कुणीच राहत नाही. इथे नुसतं विचारतात, "चालत आलायसा व्हय?" आणि म्हाताऱ्या माणसाची चौकशी करताना तर एकच, "हिंडतंय-फिरतंय न्हवं?" उत्तर 'व्हय' असलं की पुढचं कुणी विचारत नाही.

पौषात न्हाणीघरात माझा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे, पण रोखठोक. म्हणाले, "सर, रोज चाललात तर चालाल, नाही तर अंथरूण धराल. तिसरं काही नाही." आधाराला ॲल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर दिला. तो घेऊन मी एकदाच फाटकापर्यंत गेलो. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी 'च्च, च्च' केलं, आणि मी परत फिरलो. हाड मोडलं तेव्हा इतकं दुखलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? त्या दिवसापासून वॉकरवर टॉवेल वाळू लागले, माझी मांडी सुकत चालली, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात ते तीन वास शोधत मी पडून राहू लागलो. पत्नी लता म्हणायची, "ताठा पायात असता तर बरं झालं असतं. तुमचा सगळा मानेत आहे."

होळीला मुलगी पुण्याहून आली, दहा महिन्यांच्या ओवीला घेऊन, आणि ओवीबरोबर तिची बाबागाडी. आत मुलगी बसली तरी बाबागाडीच! पडल्यापडल्या मला हा नवा चाळा मिळाला. आपल्याकडे मूल वाहून न्यायला मुळात गाडी कुठे होती? आईची कड होती. 'कडेवर' म्हणताना आपण कमरेच्या ज्या आधाराचं नाव घेतो, तिथेच माझ्यात आता धातूचा गोळा बसवलेला. रानात झाडाला झोळी, घरात पाळणा, आणि मूल उभं राहू लागलं की सुताराकडून तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा. पाळण्यात मूल निजतं, बाबागाडीत बसतं, पांगुळगाडा मात्र धरून स्वतः चालतं, आणि आपल्याला पांगळं म्हटलंय याचा त्याला जराही राग येत नाही. हा विचार करता करता माझी नजर त्या बाबागाडीच्या दांड्यावर गेली. तो नेमका माझ्या कमरेच्या उंचीचा होता.

"नातीला जरा फिरवून आणतो," म्हणून मी बाहेर पडलो. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, चौथ्या दिवशी तळ्यापर्यंत. नवल म्हणजे माझ्या पायांकडे कुणी पाहिलंच नाही. जो तो वाकून गाडीत बघायचा, ओवी बोळकं पसरून हसायची, आणि तेवढ्यात मला उभ्याउभ्या दम खाता यायचा.

पंधरवड्यानं मुलगी परत निघाली. सामानाने मोटार इतकी भरली की बाबागाडी मागे राहिली. "अक्षय्यतृतीयेला येईन तेव्हा नेते," ती म्हणाली, आणि मला लेक-नात गेल्याच्या दुःखात चोरून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी लता आडवी उभी. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, आणि हे गृहस्थ रिकामी बाबागाडी घेऊन गावभर फिरणार! शिवाय रिकामी गाडी हलकी. उतारावर मला ओढत पुढे पळाली असती. लता तरातरा आत गेली आणि ओवीच्या बारशाची कुंची घातलेला वरवंटा घेऊन आली. बारशाला याच वरवंट्याला बाळ करून, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याभोवती फिरवलं होतं. मिक्सर आल्यापासून त्या बिचाऱ्याला एवढंच काम उरलेलं.

"घ्या तुमचा गोपाळ," ती म्हणाली. "अपशकुनही टळेल आणि वजनही होईल."

गाडी खरंच जमिनीला धरून चालू लागली. बाळ निजलंय का, असं कुणी विचारलं की मी 'निजलंय' म्हणायचो. अशी बारा दिवस मी थाप मारली आणि बारा दिवसांत अर्ध्या फेरीपर्यंत पोचलो. काठावरच्या कट्ट्यावर, चैत्रातही मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ रोज बसलेले असत. मुलगा स्कूटरवरून आणून सोडायचा, तासाभरानं न्यायला यायचा. सगळे तळ्याकडे बघत; हे मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बघत.

तेराव्या दिवशी अक्काताईंनी मला अडवलं. "सर, आमच्या येळंलाच कसं निजतंय ओ तुमचं बाळ? गाल तरी बघतो की," म्हणत त्यांनी कुंचीत हात घातला, आणि विंचू डसावा तसा मागे घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तो थंडगार स्पर्श त्यांना काय सांगून गेला हे माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईने कुंची ओढून काढली. काळाभोर दगड उन्हात चमकला.

अक्काताई अशा हसल्या की म्हशीने पाय आपटला, पेला कलंडला. "वरवंटा! आरं द्येवा! सरांनी वरवंटा फिरवाय आणलाय!" अख्खा काठ वळून बघू लागला. शरमेने माझे कान तापले. पळून जावं म्हटलं तर पाय कुठे होते? मी हळूच म्हणालो, "अक्काताई, मला धरल्याशिवाय चालता येत नाही." हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं, लतापुढेसुद्धा नाही.

त्यांनी पदराने डोळे पुसले. "मग त्यात लाजायचं काय? आमची सासू म्हशीच्या पाठीवर हात ठिवून चालायची. लोक म्हणायची, म्हातारी म्हस चाराय न्हेती. कोण कुणाला न्हेतंय ते म्हशीला ठावं हुतं. तिनं कवा बोलून दावलं न्हाय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी कुंची घरीच ठेवली. गाडीत उघडा वरवंटा. पहिल्याच माणसानं विचारलं तेव्हा तोंडून निघून गेलं, "वरवंटा हाय. मी चालाय शिकतोय." असली वाक्यं मी एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईने दुरुस्त केली होती. 'च्च' कुणी केलं नाही. "झ्याक!" म्हणून तो माणूस पुढे गेला.

कट्ट्याजवळ आलो तर मफलरवाल्या गृहस्थांनी हात वर केला. "पावणं, ह्यो दांडा माणसाचा भार सोसतोय काय?" आवाज इतका हळू, की जणू काही चोरीचं विचारत होते. मी गाडीच्या चाकांची खिट्टी लावली. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा पकडला, थरथरत उठले, उभे राहिले. मी खिट्टी काढली. एक पाऊल, दुसरं पाऊल. वरवंटा आत जरासा डुगडुगला आणि स्थिर झाला. "भिऊ नका, मी हाय," असं म्हणत मी त्यांच्या बरोबरीने निघालो. माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. डावा जरा ओढत होता. शेवाळाचा वास मागे पडला, मोहोराचा आला, गेला, आणि समोर दुधाचा फेस.

अक्काताई पेला हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. गाडीकडे नव्हे, त्या म्हाताऱ्याकडे नव्हे, माझ्या हातांकडे. मीही खाली पाहिलं. दोन्ही हात रिकामे होते.

"सर," त्या म्हणाल्या, "ह्यात कुणी कुणाला फिरवाय आणलंय?"

मफलरवाले गृहस्थ मात्र थांबायला तयार नव्हते. म्हणाले, "चला की फुडं."