पेंद्याचं उत्तर

लवू धाडवे थोरल्या भावाशी वर्षातून एकदाच बोलायचा, तोही शिमग्यात, नमनाच्या खेळात. केरू गौळणींची मावशी व्हायचा, लवू कृष्णाचा सवंगडी पेंद्या. एरवी पाणंदीत समोरासमोर आले तरी माना वळवायचे. पण खेळात सुटका नव्हती. शहरातल्या नाटकवाल्यांना पुस्तक असतं, आडून सांगणारा असतो. आमच्या खेळ्यांना कसलं पुस्तक नि कसलं काय! सुचेल ते बोलायचं, आणि समोरच्यानं विचारलेलं खाली पडू द्यायचं नाही, एवढा एकच कायदा. तो आजवर कोणी मोडला नव्हता.

अबोल्याचं मूळ सत्तावीस सालच्या चैत्रातलं. मुंबईला गिरणीत आये गेल्याची तार पोचली नि लवू मिळेल त्या बोटीनं निघाला. रत्नागिरीच्या बंदरातून धावतपळत घर गाठलं, तर आयेला आदल्या संध्याकाळीच पोचवलेलं.

"एक रात थांबता आलं नाय तुला? आयेचं तोंड दिसू दिलं नाहीस मला!" एवढं बोलला नि त्यानं तोंड शिवून घेतलं. केरूनं काही सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. दोघेही हट्टी मेले!

पस्तीसच्या शिमग्यात लवू गावभर सांगत सुटला, "यंदाचं शेवटचं. आता बायकापोरांनाही घेऊन कायमचा मुंबईला चाललो."

दुपारी देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकली. मृदंग वाजला, गौळणी आल्या, पेंद्यानं बोबडं बोलून सगळ्यांना हसवलं. मग मावशी आली. केरूच्या अंगावर खांद्याला ठिगळ लावलेलं आयेचं लुगडं होतं.

"आलास काय रं बाला?" मावशी वाकत वाकत पुढे आली. "बोट चुकली तुझी?"

लोक हसले.

"दीड दिस वाट बघितली रं तुझी. केरू मला जाळायला तयार नव्हता, दारात बसून रडत होता. पर ऊन कसलं ते! माणसं म्हणाली, आता म्हातारीचे हाल नको करूस." केरूनं पदर डोळ्यांना लावला. "रागावलास काय रं आयेवर?"

हसू थांबलं. मृदंगावरचा हातही थांबला. सगळं गाव लवूच्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्याला पेंद्याचा बोबडा स्वर काही केल्या सापडेना.

"नाय गो आये," तो अखेर आपल्याच आवाजात म्हणाला. "मलाच उशीर झाला."

आठ वर्षं राहून गेलेला नमस्कार त्यानं तिथंच, त्या लुगड्याच्या काठाशी डोकं टेकून केला. रडू आवरलं नाही. आवरायचं तरी कशाला?

लवू मुंबईला गेला तो गेलाच. पण पुढल्या शिमग्याला खेळासाठी आला. बोट चार तास उशिरा लागली. धक्क्यावर केरू सकाळपासून उभा होता.