दुसरी खिडकी

शिरूरच्या बसस्थानकामागे फोटो मढवून देणारा एक गृहस्थ आहे. फोटोतले माणूस गेले का, हे तो कधी विचारत नाही. तो विचारतो, "हार घालायचा का?" हो म्हटले, की फोटोभोवतीचा पुठ्ठा पांढरट घेतो आणि वरची पट्टी रुंद ठेवतो, म्हणजे हाराखाली चेहरा झाकला जात नाही. गिऱ्हाइकाने सुचवलेला रंग त्याला सहसा पटत नाही. "ताई, साडीचा रंग पुठ्ठ्याला घेतला तर साडी मरती," असे तो एका बाईंना माझ्यासमोर म्हणाला होता.

पत्नी गेल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तिचा चांगला फोटो एकच होता आणि त्यात शेजारी मी उभा होतो. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. मी म्हणालो, "मला कापून टाका."

"कात्री न्हाई लावायची, आबा. चार दिसांनी या."

चार दिवसांनी त्याने फ्रेम पुढे ठेवली. पुठ्ठ्यात कापलेल्या खिडकीतून फक्त ती दिसत होती. माझ्या बाजूलाही त्याने तशीच खिडकी कापली होती. पण कापलेला तुकडा पुन्हा तिथेच बसवला होता. चीर सहज दिसत नव्हती.

"चिकटवला न्हाई," तो म्हणाला. "पोरांना सांगून ठिवा. नंतर काच काढायची आन् तुकडा उचलायचा. बास."

मी मान हलवली.

मुलगा विचारतो, डावीकडे एवढी जागा का सोडली आहे. मी सांगतो, दुकानदाराची तशी पद्धत आहे.