बाबांनी पास केलेली साडी

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यात ती यादी सुरू केली आणि होता नव्हता तो निवांतपणाही गेला. जेवताना फोन, भाजी घेताना फोन, देवळाच्या पायरीवर चपला सांभाळतानाही फोन.

झालं असं की दादरच्या एका दुकानाने मला हातमागाची म्हणून चक्क मशीनची साडी गळ्यात मारली. माझं डोकंच आउट झालं. भांडून उपयोग झाला नाही, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी फोनवर एक यादी उघडली. कुणीही वाचावी, कुणीही भर घालावी. कुठल्या दुकानात कुठली साडी, ती खरंच हातावर विणलेली आहे का, कुठल्या गावची, विणणाऱ्याचं नाव दुकानदार सांगतो का. खरं बोलणाऱ्या दुकानापुढे हिरवी खूण, थापा मारणाऱ्यापुढे लाल. पाहता पाहता गिरगावपासून लालबागपर्यंतच्या, मी कधी तोंडही न पाहिलेल्या बायका लग्नाच्या खरेदीआधी मला विचारायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मला फार भारी वाटायचं.

पण खूण ठरवायचे बाबा. ते परळच्या गिरणीत विणकामात होते. गिरणी बंद पडल्यावर कितीतरी वर्षं भिवंडीच्या यंत्रमागावर उभे राहिले. शनिवारी आम्ही भोईवाड्यातून चालत दादरला जायचो. मी दुकानदाराशी रंगांवरून घोळ घालायचे आणि बाबा साडी मांडीवर घेऊन काठ अंगठ्याखालून सरकवायचे. चेहऱ्यावर काही नाही. बाहेर पडून कोपऱ्यावर आलो की एका शब्दात निकाल.

गेल्या पाडव्याच्या आधी गिरगावातल्या एका बाईंनी यादीवर लिहिलं, की मुलीच्या लग्नासाठी तुमच्या हिरव्या खुणेच्या दुकानातून साडी घेतली, ती मशीनची निघाली. लेकीला मी काय सांगू? खाली फोटो. ते दुकान बाबांनीच पास केलं होतं. तिथूनच मी बहिणीला एक साडी घेऊन ठेवली होती. ती कपाटातून ओढून काढली आणि काठ उजेडात धरला. हातमागावर कापड ताणून धरायला टोकदार काठी लावतात, तिची बारीक भोकं काठाला राहतात. इथे एकही नव्हतं. हे मला दिसत होतं, तर बाबांना कसं दिसलं नाही?

ते खिडकीशी वाल सोलत बसले होते.

"बाबा, ही मशीनची आहे."

"हो."

"हो काय? तुम्ही हातमाग म्हणालात."

"म्हणालो." त्यांनी एक वाल पातेल्यात टाकला. "तुझ्या यादीत वर काय लिहिलंयस? यंत्रमाग, घेऊ नये. मग मी जन्मभर काय केलं गो? हातमागावर माणूस बसतो आणि यंत्रमागावर कोण, भूत?"

मी तणतणले. दुकानदार खोटं बोलून विकतो, हातावर विणणाऱ्याच्या पोटावर पाय देतो, यादी त्यासाठीच आहे, वगैरे सगळं ऐकवलं. बाबांनी साडी मांडीवर ओढून घेतली.

"खरंय तुझं," ते म्हणाले. "पण बघ ना, काय चोख कापड आहे. एक धागा सुटलेला नाही. कुणीतरी बारा तास त्या धडधडीत उभं राहून काढलंय. त्याच्यापुढे लाल खूण कर म्हणायला माझी जीभ रेटेना."

मी स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून पुन्हा स्वयंपाकघरात, नुसती फिरत राहिले. फोन वाजत होता, गिरगावच्या बाई उत्तर मागत होत्या. तपासणाऱ्यानेच मुद्दाम चुकीचं सांगितलं असं कळलं, तर बाकीच्या खुणांवर कोण विश्वास ठेवणार? आणि हे माझे बाबा होते. त्यांना लबाड कसं म्हणू?

"लिही," तेच म्हणाले, "म्हाताऱ्याला हल्ली नीट दिसत नाही."

आणि मी लिहिलं. लगेच लिहिलं, त्यांना एकदा तरी नको म्हणावं हेही सुचलं नाही. दुकानापुढे लाल खूण केली, बाईंची माफी मागितली. वरचं 'घेऊ नये' काढून 'यंत्रमाग म्हणूनच विकत असतील तर खुशाल घ्या' असं केलं. ते बाबांना दाखवलं, त्यांनी मान हलवली. मग निरोप यायला लागले. काकांना जपा. मोतीबिंदू असेल, वेळीच दाखवा. एकीने तर डॉक्टरचा पत्ता पाठवला. यादी टिकली म्हणून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की रात्रीचं जेवण गेलं नाही.

आठवड्याने तळमजल्यावरच्या काकू नवी साडी घेऊन आल्या. पडद्याचं कापड घेतलं तरी आधी बाबांच्या हातात द्यायचं, मग घडी मोडायची, ही त्यांची कित्येक वर्षांची रीत. पण यादी त्याही वाचत होत्या. त्यांनी साडी माझ्या मांडीवर उलगडली. सवयीने बाबांचा हात पुढे आला.

"राहू दे काका," त्या मायेने म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांना कशाला त्रास."

बाबांनी हात मागे घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. माझ्याने ते बघवेना.

"त्यांना चांगलं दिसतं, काकू," मी म्हटलं. "माझी यादी टिकावी म्हणून मी खोटं लिहिलं."

काकू गडबडल्या. त्यांनी साडी माझ्या मांडीवरून उचलली आणि बाबांच्या पुढे धरली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरीचं काय मनावर घेता," ते म्हणाले. "बापाची बाजू घेते. मला नाही दिसत."