पंचांनी विचारल्याशिवाय

बीड शहर कशाच्या जोरावर उभं हाय, असं कुणी पुसलं की लोक वेशी दाखवतात, बुरूज दाखवतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, वेशींनी मानमोडीचा ताप अडवला का? दुष्काळ अडवला का? मी उत्तरेश्वर, ह्याच पेठेत जन्मलो अन म्हातारा झालो. मी सांगतो. आमची पेठ भामाबाईच्या जोरावर उभी राह्यली.

भामाबाई म्हंजे पेव लिंपणारी. पेव म्हंजे जमिनीच्या पोटातली धान्याची कोठी, तोंड अरुंद अन आत दोन पुरुष खोल. धान्य भरायच्या आधी आतून शेणमातीनं लिंपायची, पाचट लावायचं, तोंड बंद करून वर माती सारखी करायची. मग तिथून बैलगाडी गेली तरी कुणाला पत्ता लागत न्हाई. बाई बुटकी, काळी, तोंडानं लई फाटकी. मजुरी घ्यायला आली की आमच्या आईला म्हणायची, "सरस्वतीबाई, पायली नीट भरा, मी तुमच्या पेवात हात आखडला न्हाई." आई चिडायची, पण पायली भरून द्यायची.

पेठेची एक रीत होती. दर साली ज्वारीचं खळं झालं की घरटी एक टोपलं पंचांकडं जायचं अन रातोरात पेठेच्या पेवात पडायचं. कुणाचं किती, हे कुणी विचारायचं न्हाई. ते पेव कुठं हाय, हे फक्त तीन पंचांना ठाऊक, असंच आमी समजत होतो. सुंदरराव त्यातले थोरले. जागा फुटू नये म्हणून त्यांनी ते लिंपणाऱ्या भामाबाईकडून शपथेचा बेलभंडार उचलून घेतला होता, की पंचांनी विचारल्याशिवाय जागा सांगायची न्हाई. हे आमाला मागनं कळलं. बरोबर होतं त्यांचं. जागा फुटली तर पेव राहतंय व्हय?

मग आलं मानमोडीचं साल. निजामाच्या अमलात तसं साल आमी कधी पाह्यलं न्हवतं. घरात चार खाटा, पाणी द्यायला एक माणूस. तिन्ही पंच आठ दिवसांत गेले. त्यात पावसानं दगा दिलेला. तेलगावाकडून, नांदूरघाटाकडून बाजाराला येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. गाडीवानच उरले न्हाईत, अन उरले त्यांच्याकडं आणायला काई न्हाई. चैतापर्यंत घरोघर मडकी उपडी झाली. माझी छबू दोन वर्साची. आधी रडायची, मग रडायचीबी थांबली. लेकरू रडायचं थांबलं की बापाचं काय होतं, हे मी कुणाला सांगू शकत न्हाई.

आमी पेव हुडकायला लागलो. पाराखाली खंदलं, चावडीम्होरं खंदलं, शेजारच्या रामहरीच्या गोठ्यातली गव्हाणबी उखडली. सा दिवस खंदलं. भामाबाई रोज यायची, कडंला बसायची, आमच्याकडं बघायची. सातव्या दिवशी मी घामानं निथळत वरडलो, "म्हातारे, पेवं तूच लिंपतीस, तुला ठाऊक हाय! सांगत कावून न्हाईस?"

"बेलभंडार उचललाय मी. पंचांनी विचारावं."

"पंच मेले की गं!"

"मग नवे नेमा की! सा दिवस कुदळी चालवल्या, पंच नेमाय तुमच्या हाताला काय झालतं?"

आई शपथ, बाई खरं बोलली. सुतकात पंच कसे नेमायचे, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं न्हवतं. सारी पेठच सुतकात होती! उभ्याउभ्या पाच माणसं नेमली. त्यात मी एक. मी हात जोडून विचारलं. ती उठली, तालमीच्या मागच्या बाभळीपासून नऊ पावलं गेली अन म्हणाली, "हितं."

दुपारपर्यंत पेवाचं तोंड उघडलं. आतून गरम, आंबूस वाफ आली. मी कमरेला दोर बांधला. भामाबाई खुरपं घेऊन तोंडावर आडवी बसली.

"उद्या उतरायचं."

"बाजूला हो! माझं लेकरू जातंय तिकडं!" नको नको ते बोललो मी तिला. आज आठवलं तरी जीभ झाडून टाकावी वाटते.

तिनं माझ्या कमरेचा दोर सोडून घेतला. दोराला कंदील बांधून खाली सोडला. माझ्या उंचीइतका गेला न्हाई तोच ज्योत बारीक झाली अन विझली. आत श्वासापुरतीबी हवा न्हवती.

"माझा लेक बंकट असाच उतरला," ती म्हणाली. "घाई पेवाच्या मालकाची होती. वर आलं ते मढं. आजचा दिस काढा. घराघरांत काय लपवलंय ते आणा."

कुणाच्या घरात काय उरलं असेल, असं मला वाटलं. पण आलं. मूठभर हुलगे, पदराच्या गाठीतल्या कण्या, बियाण्याचं म्हणून जपलेलं बाजरीचं कणीस. एकाच हंड्यात सारं शिजवलं अन आधी लेकरांना पाजलं. छबूनं चार घोट घेतले अन रडली. मी तिथंच बसून हुंदके दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील पुन्हा विझला. पेठ उन्हात बसून राह्यली. दोनशे माणसं, पोटात आग, पण एकानं पेवाच्या तोंडाकडं पाऊल टाकलं न्हाई. अशी माणसं मी पुन्हा पाह्यली न्हाईत. उन्हं कलली तेव्हा तिसऱ्यांदा कंदील सोडला, अन तो तळाला जाऊन जळत राह्यला.

मी दोर उचलला. भामाबाईनं तो माझ्या हातातून घेतला.

"मी पंच हाय. मी उतरतो," मी म्हणालो.

"ज्योत जळाली तरी कधी कधी दगा होतो. माझ्या मागं माझी सून साखरा हाय. लिंपायचं, वास घ्यायचं, सारं शिकवलंय तिला. तुझ्या मागं तुझ्या लेकराला कोण हाय, सांग?"

 ती पदर खोचून उतरली. दोर माझ्या हातातून सरकत गेला, मग ढिला पडला. आत काईच आवाज न्हाई. मी देवाचं नावबी विसरलो. मग दोराला दोन हिसके बसले.

पहिलं टोपलं वर आलं. ज्वारी गरम होती, पेवाचा वास मारत होती, पण दाणा शाबूत होता. मी तोंडाशी पालथा पडून हाक मारली, "भामामाय, वर या आता!"

"आधी लेकरांचं बघा," खालून आवाज आला. "पेव रिकामं होईस्तोवर मी हितंच हाय."

त्या आवाजाला सगळ्या पेठेनं हात जोडले.