केबलवरची वानरं

नातीची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर रंगात आली होती, तेवढ्यात वानर आमच्या केबलला लोंबकळलं आणि तार तुटली. साहेबाचं चित्र गेलं. नात ओरडली, "आजी, नेट गेलं!"

लॅपटॉप उचलून ती शेजारच्या मेकॅनिककडे पळाली, मागून मी. त्याच्याकडे फोनच्या तारेवरचं इंटरनेट आहे. ती तार जमिनीखालून येते, वानराच्या हाती लागत नाही. पण चाल माझ्यासारखी. साहेबाचा आवाज आधी येई, ओठ मागाहून हलत. नातीचं चित्र तर डोळे मिटूनच थिजलं.

"साहेबाले वाटन, पोरगी झोपली," मी म्हटलं.

"चूप ऱ्हा ना मावशी, त्यायले ऐकू जाते!" मेकॅनिक कुजबुजला.

नोकरी लागली, आणि तीही घरून करायची. फोनची तार मेकॅनिकच्या दारापर्यंतच येते. पुढे टाकायला कोणी तयार नाही. केबल सगळ्या गल्लीत पोचते आणि धावतेही जोरात, पण पत्र्यांवरून. म्हणून केबलच पुन्हा जोडून घेतली. आता नात आत बसून काम करते, आणि अंगणात काठी घेऊन दिवसभर वानरं हाकलते ती मी.